डुप्लिकेट फेणे

माझ्यासारख्या कारकुनाला नैतिक प्रश्न पडू नयेत अशी बँकेनं चोख व्यवस्था करून ठेवलेली असते. काय करावं आणि काय करू नये याची सर्क्युलरं येतात. सर्क्युलर नसेल तर मॅनेजरला विचारायचं. मॅनेजर हेड ऑफिसला विचारतो. हेड ऑफिसचं उत्तर येईपर्यंत ज्याच्यामुळे प्रश्न उभा राहिला ते गिऱ्हाईक दुसऱ्या बँकेत गेलेलं असतं. त्यामुळे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझी सदसद्विवेकबुद्धी नव्या चेकबुकासारखी कोरी करकरीत राहिली होती. तिला पहिली घडी पडली ती गेल्या गणपतीत, आणि तीही एका निळ्या मांजरामुळे.

आमच्या चिंचवडच्या सोसायटीत गणपतीत मुलांचं नाटक होतं. आजवर ते एकतर शिवाजी महाराजांचं असे किंवा झाडं लावण्याचं. यंदा मुलांनी बंड केलं. 'डोरेमॉन चिंचवडमध्ये' हेच नाटक करायचं, नाहीतर काहीच नाही. ते लिहिणार कोण, तर "आमचे बाबा लिहितील," असं आमच्या कन्येनं परस्पर सांगून टाकलं. बापाला न विचारता त्याला जामीन ठेवायची पद्धत आमच्या कर्जखात्यातसुद्धा नाही.

ज्यांच्या घरी लहान मूल नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. डोरेमॉन हे बाविसाव्या शतकातून आलेलं यांत्रिक मांजर. नोबिता नावाच्या एका रडक्या, आळशी, परीक्षेत नेमानं शून्य मिळवणाऱ्या मुलाच्या घरी ते राहतं. त्याच्या पोटावर एक खिसा असतो आणि त्यातून जगातली वाटेल ती वस्तू निघते. 1969 च्या अखेरीस जपानी मुलांच्या मासिकांतून ही चित्रकथा सुरू झाली. 2005 पासून ते मांजर आपल्याकडे टीव्हीवर हिंदी बोलतं आहे. त्याच्या नादानं आमची कन्या चौथीपर्यंत घरात हिंदीतून रडायची.

तर नाटकासाठी पार्किंगमध्ये सभा भरली. आमचे सेक्रेटरी एका कारखान्याच्या खरेदी खात्यातून निवृत्त झालेले. तीन कोटेशनं आल्याशिवाय ते घरी भाजीसुद्धा आणत नाहीत. ते म्हणाले, "हे मांजर कुणाच्या मालकीचं?"

"जपान्यांच्या."

"मग त्यांची परवानगी?"

सभा गप्प. मग मागून एकजण म्हणाला, "चाकणला एवढे जपानी आहेत. त्यातल्याच एखाद्याला विचारून टाका."

टायर बनवणाऱ्या साहेबाला मांजराबद्दल विचारणं बरं दिसेल का, यावर दहा मिनिटं गेली. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी आधार दिला. हौशी मंडळींनी फुकट्या प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला आपल्या कॉपीराइटच्या कायद्यात सवलत आहे म्हणाले. फुकट्या प्रेक्षकांची अट आमची सोसायटी केव्हाही पूर्ण करू शकते. ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. पण वकीलसाहेब जिन्यात माझ्या कानाशी लागून पुटपुटले, "सवलत आहे ती असलेलं नाटक करायला. तुम्ही नवीनच रचणार म्हणजे... बघा, जरा जपून." वकिलानं 'जपून' म्हटलं की माझी झोप जाते.

दुसऱ्याचं मांजर न विचारता उचलून चिंचवडला आणायचा मला काय अधिकार? कायद्याचं वकील बघतील. पण तसं करणं बरोबर की चूक?

जपानात काय करतात ते बघावं म्हणून मी शोधाशोध केली आणि चक्रावून गेलो. तिथं एखादी चित्रकथा लोकप्रिय झाली की तिला पोरंबाळं व्हायला लागतात. चित्रकथेची कादंबरी होते, सिनेमा होतो, दुय्यम पात्रांना उचलून त्यांची निराळी पुस्तकं निघतात, आणि शेवटी नाटक होतं. 1974 साली ताकाराझुका नावाच्या फक्त बायकांच्या नाटकमंडळीनं 'व्हर्सायचा गुलाब' ही चित्रकथा रंगभूमीवर आणली. आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून उभे राहायचे, तिथं बाई तलवार घेऊन पुरुष म्हणून उभी राहते, एवढाच फरक. 2015 मध्ये तर 'वन पीस' ही समुद्री चाच्यांची चित्रकथा काबुकीत झाली. काबुकी म्हणजे त्यांचं चारशे वर्षांचं परंपरागत नाटक. आपल्याकडे कीर्तनकारबुवांनी उत्तररंगाला फँटम घ्यावा, तसं. आमचा डोरेमॉनही 2008 साली रीतसर नाटकात जाऊन आलाय. त्याला जन्म देणारे फुजिको एफ. फुजिओ 1996 सालीच वारले, पण मांजराचे सिनेमे त्यानंतरही निघतच राहिले.

हे फुजिको प्रकरणही मजेशीर आहे. मुळात हे एका माणसाचं नावच नव्हे. दोन मित्रांनी मिळून एक टोपणनाव घेतलं होतं आणि दोघं वर्षानुवर्षं त्याच नावानं चित्रं काढत होते. म्हणजे जॉइंट अकाउंट. कुणीही सही करा, चेक पास. पुढे ते वेगळे झाले तेव्हा दोघांनी तेच नाव ठेवलं, फक्त त्याला एकेक अक्षर जोडलं.

हे सगळं झालं परवानगीचं. पण तोक्योत 1975 पासून एक जत्रा भरते. तिथं हौशी लोक दुसऱ्यांची पात्रं घेऊन स्वतः रचलेल्या चित्रकथा विकतात. राजरोस. मूळ प्रकाशक बहुतेक वेळा काणाडोळा करतात, कारण आज चोरून चित्रं काढणाऱ्यांतूनच उद्याचे चित्रकार निघतात, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आपल्याकडे कॉपी करून पास झालेले फार तर पुढारी होतात.

तसं बघायला गेलं तर आमचा पिंपरी-चिंचवडचा सगळा पट्टाच उसनवारीवर उभा आहे. आकुर्डीला बजाजची स्कूटर निघायची ती आधी इटलीच्या व्हेस्पाच्या परवान्यावर. 1971 मध्ये परवाना संपला, आणि 1972 मध्ये तशीच दिसणारी स्कूटर 'चेतक' नावानं रस्त्यावर आली. इटालियन गांधीणमाशी राणा प्रतापांचा घोडा झाली! तिला कुणी डुप्लिकेट म्हणालं नाही. उलट लग्नात मिळावी म्हणून मुलाकडचे अडून बसायचे. 2020 साली तोच घोडा विजेवर धावू लागला. नाटकवाल्यांचं तर बोलायलाच नको. आगरकरांनी हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं, देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. पण शेक्सपिअर तोवर पावणेतीनशे वर्षं मेलेला होता. आमच्या भाषेत, ते खातं केव्हाच निनावी ठेवींत जमा झालेलं होतं.

आपल्याकडे लेखक गेल्यावर 60 वर्षं त्याच्या पात्रांवर वारसांचा हक्क असतो. चिं. वि. जोशी 1963 मध्ये गेले. म्हणजे 1 जानेवारी 2024 पासून चिमणराव आणि गुंड्याभाऊ मोकळे झाले. तुम्ही-आम्ही कुणीही त्यांना घेऊन वाटेल ती गोष्ट लिहू शकतो. मी कागद घेऊन बसलोही. दोन ओळी झाल्या आणि लेखणी अडली. चिमणरावांच्या जागी मला सारखे दिलीप प्रभावळकर दिसायला लागले. 1977 ते 1979 च्या दूरदर्शन मालिकेचा हा प्रताप, आणि तीही मी स्वतः पाहिलेली नाही, घरच्यांच्या बोलण्यातून डोक्यात शिरलेली! माझ्या आजोबांना मात्र चिमणराव म्हटलं की जुन्या सिनेमातले दामुअण्णा मालवणकर आठवायचे, आणि प्रभावळकर त्यांना 'तो नवा पोरगा' वाटायचा. एकाच माणसाच्या तीन पिढ्यांकडे तीन नमुना-सह्या. आता खरी कुठली आणि कुठली पटत नाही म्हणून परत करायची?

इथवर मी हे सगळं चवीनं वाचत होतो. पुढे जे झालं त्याला चव नव्हती. मला पितळी बुशांची गोष्ट आठवली.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होते. तयार माल मायक्रोमीटरनं मोजायचा आणि केसाएवढाही फरक निघाला तर रिजेक्ट करायचा, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. घरीही तेच. आईच्या पोळीचा व्यास त्यांनी कधी मोजला नाही, पण तशी नजर टाकलेली मी पाहिली आहे. कंपनीतून हात पुसायच्या सुताचा बोळासुद्धा त्यांनी कधी घरी आणला नाही.

मी नऊ वर्षांचा असताना, 1987 साली, टीव्हीवर 'फास्टर फेणे' लागली. त्यात सुमीत राघवन फेणे झाला होता. मी वेडा झालो. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे, फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनात शिकणारा, काडीसारखा हडकुळा, सायकलवर वाऱ्यासारखा फिरणारा, आणि काही अचाट घडलं की तोंडानं 'ट्टॉक' करणारा. वीसेक पुस्तकं आहेत त्याची. पण आमच्या वाचनालयात ती कधी जागेवर नसत. ग्रंथपालबाई वर न बघता सांगायच्या, "फेणे बाहेर गेलाय." मला वाटायचं, खराच गेला असणार, चोर पकडायला.

मी हिरमुसून घरी यायचो. एकदा अण्णांची फर्स्ट शिफ्ट होती, म्हणजे ते संध्याकाळी घरी. म्हणाले, "तुला पिंपरीचा फेणे माहीत नाही? आमच्या कंपनीच्या लायब्ररीत आहे की. पण पुस्तक बाहेर नेऊ देत नाहीत. मी जेवणाच्या सुट्टीत वाचतो आणि तुला सांगतो."

पुढची दोन वर्षं, दर फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात, अण्णा 'वाचून' येत आणि रात्री मला सांगत. फेणे दापोडीचा हॅरिस पूल ओलांडून पिंपरीला आला. फेणे पवनेच्या पुरात उतरला. फेण्यानं भोसरीत बनावट ब्रेक-लायनर बनवणारी टोळी पकडली. आणि त्यातली सर्वांत भारी, पितळी बुशांची गोष्ट. कारखान्यातून रोज बुश नाहीसे होतात. गेटवर झडती होते, काही सापडत नाही. फेणे गेटपाशी उभा राहतो आणि काय करतो? कामगारांचे डबे वजन करतो! येताना भरलेले, जाताना रिकामे. सगळ्यांचे डबे जाताना हलके. एकाचा जड. ट्टॉक!

आता लक्षात येतं, भागवतांचा फेणे विचार न करता उडी मारतो. हा फेणे फारच मोजूनमापून धाडस करायचा. पण दहा वर्षांच्या पोराला काय कळतं? मी 1989 साली आंतरशालेय कथाकथन स्पर्धेत ती गोष्ट सांगितली. सुरुवातीला छाती काढून म्हणालो, "मी सांगणार आहे भा. रा. भागवत यांची कथा." पहिला नंबर आला. परीक्षकांतले एक म्हातारे गुरुजी म्हणाले, "हा फेणे मी वाचलेला नाही रे. कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हणालो, "कंपनीच्या लायब्ररीत." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मिशीत हसले आणि कप माझ्या हातात दिला.

बँकेत लागल्यावर मी फेण्याची मिळतील तेवढी पुस्तकं घेतली, उरलेली दोन-तीन वर्षांत गोळा केली. पिंपरी कुठंच नाही. अण्णांना विचारलं. ते वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "नीट बघ. जुन्या आवृत्तीत असेल." मी अप्पा बळवंत चौकातली रद्दीची दुकानं पालथी घातली. बारा-पंधरा वर्षं! एखादा माणूस एवढ्या काळात ज्ञानेश्वरीवर प्रबंध लिहितो.

2017 मध्ये 'फास्टर फेणे' सिनेमा आला. अमेय वाघचा फेणे मोठा झालेला, पुण्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला. अण्णांना घेऊन गेलो. त्या सिनेमात खुद्द भा. रा. भागवत हेच एक पात्र आहे आणि ते काम केलंय, पुन्हा, दिलीप प्रभावळकरांनी. लेखक आपल्याच पात्राला भेटतो. अंधारात अण्णा खुर्चीत सारखे चुळबुळत होते. मध्यंतरात हातातला वडा तसाच धरून म्हणाले, "ती बुशांची गोष्ट... ती काही भागवतांची नव्हे."

"मग कुणाची?"

"वडा गार होतोय तुझा," म्हणाले.

त्यावर आम्ही पुढं काही बोललो नाही. आठ वर्षं. यंदा मात्र डोरेमॉनचा कागद पुढ्यात असताना माझ्यानं राहवेना. मी त्यांच्या खोलीत गेलो आणि सरळच म्हणालो, "अण्णा, तुम्ही डुप्लिकेट माल काढलात."

तुम्ही म्हणाल, बापाशी असं बोलतात का? पण विचार करा. आमच्याकडे सही खोटी करणारे येतात ते दुसऱ्याचे पैसे आपल्या खिशात घालायला. वाङ्मयचोर दुसऱ्याच्या मालावर आपलं नाव घालतो. अण्णांनी उलटं केलं. आपल्या मालावर दुसऱ्याचं नाव घातलं. म्हणजे उदारपणा झाला म्हणावं तर भोसरीतला तो ब्रेक-लायनरवालाही नेमकं हेच करतो, आपल्या मालावर मोठ्या कंपनीचं नाव छापतो! आणि त्याला पकडणारी गोष्ट सांगणारा माणूस मला रोज रात्री तेच करून दाखवत होता.

अण्णा चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "डुप्लिकेटवाल्याचे गुन्हे दोन. एक, नाव दुसऱ्याचं. दोन, माल मापात नाही. पहिला मला कबूल. दुसऱ्याचं तू सांग. माल मापात होता की नव्हता?"

"मी दहा वर्षांचा होतो अण्णा. मला काय कळतंय?"

"मग कोणाला कळतंय? वापरलास तू."

"आणि भागवत? त्यांना काय वाटलं असतं?"

यावर ते गप्प झाले. इतका वेळ की मला आपण विचारलं हेच चूक वाटायला लागलं. मग म्हणाले, "पोस्टकार्ड पंधरा पैशांना होतं. दोनदा लिहायला घेतलं. 'आपला फेणे माझ्या मुलासाठी वापरतो आहे, राग नसावा' असं. पण वाटलं, ते सज्जन माणूस, उलट टपाली लिहितील की पाठवा बघू गोष्ट. आणि मला लिहिता कुठं येतं? मला बोलतासुद्धा फक्त तुझ्याशीच येत होतं. ते 2001 साली गेले तेव्हा पेपरात वाचलं. त्या दिवशी पुन्हा आठवलं ते कार्ड."

मी काही बोललो नाही.

"आणि एक," अण्णा म्हणाले. आवाजात जुना इन्स्पेक्टर परत आला होता. "मी माल काढला, पण विकला नाही. विकलास तू. कप कुणाच्या कपाटात आहे?"

सापडलो की! जपानातच घडलेली एक गोष्ट मी त्याच आठवड्यात वाचली होती. डोरेमॉनला शेवटचा भाग असा नाहीच. तर एका हौशी चित्रकारानं तो स्वतः काढला. मांजराची बॅटरी संपते, आणि तो ढ नोबिता मोठा होऊन यंत्रमानवांचा शास्त्रज्ञ होतो, मांजराला पुन्हा सुरू करतो. चित्रं इतकी हुबेहूब की कित्येकांना तो मूळचाच वाटला. 2005 पासून त्याच्या सुमारे 13 हजार प्रती विकल्या गेल्या. मग प्रकाशकांनी हरकत घेतली. 2007 मध्ये त्यानं माफी मागितली आणि नफ्यातला काही भाग परत केला. वाचताना मी त्या चित्रकाराच्या बाजूचा होतो. एवढ्या मायेनं काढलं बिचाऱ्यानं, असं वाटत होतं. आता माझ्यावर शेकल्यावर मला प्रकाशकांचीही बाजू दिसायला लागली. फेण्यानं पिंपरीत चोर पकडले ते उद्या कुणी खरंच भागवतांच्या खात्यावर टाकले, तर भागवतांनी न काढलेला चेक त्यांच्या नावावर पास झाला ना? तो चांगल्या कामासाठी होता म्हणून सही खरी होत नाही. पण मग मला अण्णांचा आवाज आठवतो, दिवा मालवलेला, बाहेर थर्ड शिफ्टचा भोंगा, आणि मी हा चेक परत करू शकत नाही. 2061 अखेर फेण्यावर भागवतांच्या वारसांचा हक्क आहे. तेव्हा मी त्र्याऐंशी वर्षांचा असेन. तोवर ही नोंद सस्पेन्स खात्यात ठेवावी लागेल असं दिसतंय.

कप मात्र मी कपाटातून काढला. परत द्यायला गेलो असतो, पण ती स्पर्धा भरवणारं मंडळच आता राहिलेलं नाही. मग कपाच्या बुडाला एक चिठ्ठी चिकटवली : 'पात्र - भा. रा. भागवत. गोष्ट - अण्णा. घोकंपट्टी - मी.' अण्णांनी ती चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "चिठ्ठी तिरकी लागलीय."

राहता राहिलं नाटक. कन्येनं फळ्यावर आधीच मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं : 'मूळ डोरेमॉन : फुजिको एफ. फुजिओ, जपान'. सेक्रेटरींना तेवढ्यानं फारच बरं वाटलं. त्यांनी त्याखाली 'आभारी आहोत' असं स्वतःच्या हातानं घातलं. आता उरलं गोष्टीचं. मी तीन रात्री बसलो. मांजर चिंचवड स्टेशनवर उतरतं, इथपर्यंत आलो आणि पुढं गाडी हलेना. शेवटी कन्या वैतागून आजोबांच्या खोलीत गेली. मी दाराशी उभा राहिलो.

"आजोबा, डोरेमॉन चिंचवडला आला तर काय करेल?"

अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली, बाजूला ठेवली. "तू नाही वाचलास तो? अगं, आमच्या कंपनीच्या..." एवढं म्हणून ते माझ्याकडे बघून थांबले. खाकरले. "बरं. माझ्या मनचंच सांगतो. तर काय झालं, डोरेमॉन कंपनीत थर्ड शिफ्टला लागला. गेटवर वॉचमन म्हणाला, आधी खिशाचं वजन करा."

"आजोबा, पण त्याचा खिसा जादूचा असतो. त्यात कितीही मावतं."

"मावू दे की. आत जाताना किती आणि बाहेर येताना किती, एवढं फक्त लिहून ठेव."